रागाची मुदत

अश्लेषा कुंभोजकर सांगलीत माणसांच्या भावनांना मुदती घालायचं काम करत असे आणि त्याचा तिला चांगला पगार मिळत असे. आपली मुलगी नेमकं काय करते हे तिचे वडील अण्णा शेजाऱ्यांना समजावून सांगायच्या भानगडीत पडत नसत. ते नुसतं "पोरगी कॅशमध्ये आहे" म्हणत. शेजारी समजायचे की ती बँकेत आहे, आणि रविवारी सकाळी पाचशेचे सुट्टे मागायला यायचे.

तिची कंपनी होती 'सांगावा'. साहेबांच्या खोलीत शिरण्याआधी "आज मूड कसाय?" हे शिपायाला विचारून घ्यायची आपली रीत जुनीच. 'सांगावा'नं काय केलं, तर असा एक शिपाई प्रत्येक माणसाच्या दाराशी बसवला. झालं होतं असं की, साखर मोजण्यासाठी लोक मनगटावर जी पट्टी बांधायचे, तिच्यातून आणखीही काही मोजता येतं, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं. एखाद्या माणसाचं नाव कानावर पडलं की आपली नाडी, कातडीवरचा घाम आणि तिथली ऊब एका ठराविक पद्धतीनं बदलतात. जिव्हाळ्याची नागमोड वेगळी, रागाची वेगळी, कंटाळ्याची तर अगदीच आडवी. मनगट मिनिटभर स्थिर धरलं आणि त्या रेघांचं गणित एखाद्या दांडग्या मशीनला घातलं, की या माणसाला त्या माणसाबद्दल मनातून काय वाटतं ते बिनचूक कळे. तोंड खोटं बोलेल, मनगट बोलत नसे.

मग मामाला फोन करण्याआधी मामाच्या सांगाव्याला विचारायचं, "बोलू का?" सांगावा मामाच्याच आवाजात सांगायचा, "बोल की," नाहीतर, "राग आहे अजून. नंतर बघ." कुणी विचारलं, हे मामाला कळतही नसे. अपमान कुणाचा होत नाही, नमतं कुणाला घ्यावं लागत नाही. महाराष्ट्रात ही सोय इतकी मानवली, की दोन-चार वर्षांत न विचारता थेट कुणाशी बोलणं हे दार न वाजवता न्हाणीघरात शिरण्याइतकं असभ्य ठरलं.

अडचण एकच होती. मनगटाच्या रेघांचं गणित फार जड, वीज फार खाणारं. आणि जगातला कोण कुणाबद्दल विचारतोय म्हणून माणसानं दिवसभर मनगट धरून बसायचं, हेही शक्य नव्हतं. म्हणून एकदा मोजलेलं उत्तर हाताशी जपून ठेवत. फोडणी करताना मोहरी आणायला कुणी बाजारात धावत नाही, ती मिसळणाच्या डब्यात असते. त्या डब्यालाच अश्लेषाच्या धंद्यात कॅश म्हणतात. आता डबा म्हटला की वस्तू शिळी होण्याची भीती आलीच. मीठ वर्षभर टिकेल, दूध संध्याकाळी फाटेल. कुठलं उत्तर किती काळ ताजं धरायचं आणि कधी फेकून माणसाला पुन्हा विचारायचं, याची मुदत ठरवणं हे अश्लेषाचं काम. मुदत लांबली की लोकांना शिळं उत्तर मिळतं. आखूड झाली की माणूस वैतागतो आणि मशीन धापा टाकतं.

तिच्या आधी या जागेवर जो गडी होता, त्यानं भुकेला एक दिवसाची मुदत घातली होती. मिरजेच्या एका आजींना त्यांच्या पुण्यातल्या नातवाचा सांगावा दिवसभर "जेवलोय आज्जी" सांगत राहिला. नातू सकाळी पोहे खाऊन बाहेर पडला होता आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडला. याच गड्यानं नवविवाहितांच्या प्रेमाला तासाभराची मुदत दिली होती. त्यामुळे दर तासाला नवऱ्यांचे फोन वाजत, "सौ. अजून आवडतात का? मनगट स्थिर ठेवा." एक जण नेमका दाढी करत होता. कापलेला गाल आणि आलेलं उत्तर, दोन्ही त्याला बायकोला समजावून सांगावं लागलं.

अश्लेषानं आल्याबरोबर सगळं विचारपूर्वक बसवलं. साहेबावरचा राग शुक्रवार संध्याकाळपर्यंत. पलंगावर ओला टॉवेल टाकणाऱ्या नवऱ्यावरचा राग टॉवेल वाळेपर्यंत. फाटकासमोर गाडी लावणाऱ्या शेजाऱ्यावरचा राग गाडी हलेपर्यंत. आणि भावाभावांतला राग बारा वर्षं.

"बारा?" मालक मगदूम सरांनी तेव्हा विचारलं होतं. "जरा जास्त न्हाई वाटत?"

"सर, मी घरात बघितलंय," अश्लेषा म्हणाली.

बैठकीत बारा वर्षं एकमतानं मंजूर झाली. प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी भाऊ होताच.

तिनं घरात बघितलेली गोष्ट अशी. अण्णांचा धाकटा भाऊ बापूकाका मिरजेला राहायचा. बापूकाकांच्या मुलीचं लग्न होतं. सगळीकडे बुफे चालू असताना बापूकाकांनी हौसेनं पंगत मांडली, आणि हौसच नडली. वरपक्ष आधी बसणार हे अण्णांना कळत नव्हतं असं नाही. हळदीच्या सौद्यात उभी हयात घालवलेला माणूस, कुणाचा मान कधी ठेवायचा हे त्यांना पक्कं ठाऊक. पण भुकेनं कासावीस होऊन ते पाटावर टेकले आणि बापूकाका जिलब्यांचं ताट घेऊन घाईघाईनं येत चारचौघांत म्हणाले, "अण्णा, ऊठ. तू दुसऱ्या पंगतीला." अण्णा उठले. चप्पल शोधली, एका पायात आपली आणि एकात कुणाची तरी घातली आणि सांगलीची बस पकडली. त्यानंतर दोघा भावांत शब्द नाही. 'सांगावा' सुरू झाला त्या वर्षी दोघांनीही पट्ट्या बांधल्या, दोघांची मनगटं मोजली गेली, आणि दोन्हीकडे राग निघाला.

यात अडकली अश्लेषा. तिची आई ती शाळेत जायच्या आधीच गेली. तिच्या वेण्या घातल्या त्या बापूकाकांच्या बायकोनं, काकूनं. तिला पहिल्यांदा नऊवारी नेसवली ती काकूनं. जतच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या शंतनूशी तिचं लग्न ठरून आता वर्ष होत आलं होतं, आणि तारीख काही निघत नव्हती. कारण अश्लेषानं त्याला सांगून टाकलं होतं, "माझ्या डोक्यावर अक्षता पडताना शेजारी काकू पाहिजे. नाहीतर मी उभी राहणार नाही." शंतनू भला माणूस. "तारीख तू कळव," म्हणाला होता. पण अलीकडे तो हे वाक्य जरा सावकाश म्हणू लागला होता.

दर महिन्याला ती अण्णांच्या सांगाव्याला विचारायची, "अण्णा, काकांवर राग आहे का अजून?" अण्णांच्याच घोगऱ्या आवाजात उत्तर यायचं, "आहे. विषय काढू नको."

तुम्ही म्हणाल, बाप एकाच घरात राहतो, पोरगी त्याच्या हाताला चहाचा कप देते, मग तोंडानं विचारायला काय धाड भरली होती? बरोबर आहे. पण फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी असताना कुत्रा खरंच आहे का, हे बघायला कोण आत शिरतं? शिवाय अण्णा रागावले की जेवण सोडत, आणि त्यांना साखरेचा त्रास होता.

आता, कंपनीत ती मुदतींची मालकीण. अण्णांची तेवढी एक नोंद पुसली असती तर दुसऱ्या क्षणी मनगट नव्यानं मोजलं गेलं असतं. पण घरच्या माणसाच्या नोंदीला हात लावायचा नाही, हा नियम तिनं स्वतःच केला होता. एका कर्मचाऱ्यानं बायकोचा राग ऑफिसातून पुसून टाकला होता आणि तिला घरी जाऊन सांगितलं होतं की, तुला राग नाहीये, मी बघून आलोय. त्याचं पुढे काय झालं ते सोडा. अजून एक वाट होती. दोन माणसं एकदा जरी समोरासमोर बोलली, तर जुनी नोंद आपोआप रद्द व्हायची. पण सांगावा "राग आहे" म्हणतोय तोवर ती बोलणार नाहीत, आणि ती बोलत नाहीत तोवर सांगावा "राग आहे"च म्हणणार. ही गोम अश्लेषाला व्यवसायाची म्हणून कळत होती. स्वतःच्या घराला मात्र तिनं ती कधी लावून बघितली नाही.

अशात पौष उजाडला आणि मगदूम सरांना कल्पना सुचली. सरांना कल्पना सुचली की ते आधी सगळ्यांना भडंग मागवत, त्यामुळे ऑफिसात भीती पसरत असे.

"संक्रांत आली," सर म्हणाले. "तिळगूळ घ्या, गोड बोला. आपण काय करायचं, महाराष्ट्रातले झाडून सगळे राग संक्रांतीच्या दिवशी सूर्य उगवायला रद्द करायचे. ज्याला खरंच राग आसंल त्याचा पुन्हा मोजला जाईल. ज्याचा गेला आसंल तो गोड बोलंल. कसंय?"

सगळे भडंग खात राहिले. सर्व्हर सांभाळणारा इरफान जमादार तेवढा खायचा थांबला.

"सर, सगळे एकदम नको," तो म्हणाला. "आत्ता रोज थोड्या-थोड्या नोंदींची मुदत संपती. मशीन थोडी-थोडी गणितं करतंय. तुम्ही डबा एका क्षणात रिकामा केला, तर जो जो विचारंल त्याचं गणित नव्यानं. उत्तर येईना म्हणून तो पुन्हा विचारंल. मशीन झोपंल, सर."

"मग काय करायचं?"

"पाळीपाळीनं. थोड्यांचे राग संक्रांतीला, थोड्यांचे किंक्रांतीला, बाकीचे रथसप्तमीपर्यंत. कार्यात कसं, पंगती पडतात तसं."

मगदूम सरांच्या हातातला घास थांबला. "इरफान, तुला कळतंय का काय बोलतोयस? सणाच्या दिवशी मी लोकांना दुसऱ्या पंगतीला बसवू? उद्या कुणी उठून म्हणंल, कोल्हापूरकरांचा राग आधी काढला आणि सांगलीकरांना किंक्रांतीला बोलावलं. गावं पेटतील. आपल्यात दुसऱ्या पंगतीवरनं काय काय झालंय, ह्या अश्लेषाताईंना इचार."

सगळ्यांनी अश्लेषाकडे बघितलं. इरफानचं शंभर टक्के खरं होतं आणि ते तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. मुदती एकाच क्षणाला संपू द्यायच्या नाहीत, प्रत्येकीला थोडं मागेपुढे सरकवायचं, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. तिनं एक शब्द बोलायचा होता. पण त्याच क्षणी तिच्या मनात आलं की झाडून सगळे राग, म्हणजे अण्णांचाही. नियम न मोडता, नोंदीला हात न लावता. काकू लग्नाला येईल.

"होईल, सर," ती म्हणाली. "मशीन मजबूत आहे."

इरफाननं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तिला भडंग तिखट लागलं.

संक्रांतीच्या सकाळी सगळे अंघोळी करून ऑफिसात हजर होते. सरांनी नवा सदरा घातला होता. सूर्य उगवला, डबा रिकामा झाला, आणि महाराष्ट्रभर फोन वाजू लागले, "अमुक यांच्यावरचा तुमचा राग अजून आहे का? मनगट स्थिर ठेवा."

पहिली काही मिनिटं मोठी सुंदर गेली. भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर हिरवे ठिपके उमटत होते. एक ठिपका म्हणजे कुणाचा तरी राग गेलेला. सर डोळे पुसत होते. मग ठिपके सावकाश उमटू लागले, मग थांबले. उत्तर येईना म्हणून लोक पुन्हा विचारू लागले, पुन्हा विचारल्यानं रांग वाढली, रांग वाढल्यानं उत्तर आणखी लांबलं. दूधवाला एका हातात किटली आणि दुसरं मनगट पुढे धरून फाटकात उभा. तिळगुळाचा पाक कुणाच्या गॅसवर करपला. साताऱ्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना एकामागून एक नावं विचारली जाऊ लागली. कुणाचा म्हणून त्यांनी राग धरायचा बाकी ठेवला नव्हता. निम्मी माणसं वारली होती, तरी मास्तर मनगट धरून नेटानं बसले. ज्यांना आपला राग आठवतही नव्हता त्यांना तो नावानिशी आठवला. इचलकरंजीत एका बाईंना कळलं की त्यांचा आपल्या जावेवर राग होता. कशाबद्दल, ते आठवेना, म्हणून त्यांनी जावेलाच जाऊन विचारलं. जावेला आठवत होतं.

खुद्द सरांचा फोन वाजला आणि टेबलावरून सगळ्यांना ऐकू गेलं, "इरफान जमादार यांच्यावरचा तुमचा राग अजून आहे का?"

इरफान खुर्चीत वळला. "माझ्यावर? सर, कशाचा?"

सरांचे कान लाल झाले. मनगट टेबलावर ठेवून ते छताकडे बघत म्हणाले, "गेल्या ईदीला तू बिर्याणी आणलीस. सगळ्यांना लेगपीस आलं. मला मान आली."

"सर, मग तवाच बोलायचं की."

"तुझ्या सांगाव्याला इचारलं मी. तो म्हणाला, कामात आहे."

त्याच वेळी नकाशा काळा झाला. मशीन झोपलं. महाराष्ट्रातल्या यच्चयावत फोनांवर एकच वाक्य उमटलं. ते इरफाननं पूर्वी कधीतरी गंमत म्हणून लिहून ठेवलं होतं आणि बदलायचं राहून गेलं होतं: 'सांगावा सध्या बंद आहे. माणसाला तोंडानं विचारा.'

अश्लेषा उठून उभी राहिली. "सर, हे असं होणार हे मला माहीत होतं. इरफान बरोबर होता. माझ्या घरचा एक राग निघावा म्हणून मी गप्प बसले."

मगदूम सर तिच्याकडे वळले. त्यांचं मनगट अजून टेबलावरच होतं. मग म्हणाले, "निघाला का?"

"माहीत नाही. मशीन त्याआधीच झोपलं."

"मग इथं काय करायलाय? पाटी वाचता येत न्हाई का तुम्हाला?" सरांनी मान फोनकडे वळवली.

इरफाननं बाह्या वर सारल्या. "जावा, मॅडम. मी कालची उत्तरं परत डब्यात भरतो आणि नवी पंगतीपंगतीनं घेतो. सर, पंगतीनं घेऊ ना?"

"घे बाबा," सर म्हणाले. "आता कोण मानापमान करतंय."

अश्लेषा स्कूटरवरून घरी आली तेव्हा अण्णा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. समोर गार झालेला चहा. डावं मनगट टेबलावर पालथं, हलायचं नाही म्हणून वर उजव्या हातानं दाबून धरलेलं.

"आशू, बरं झालं आलीस. हे स्थिर ठेवा म्हणालं आणि पुढं बोलायचंच बंद झालं. मी हलवू का नको?"

"हलवा, अण्णा." ती समोर बसली. प्रश्न तोंडात आला आणि तिथंच अडला. सांगाव्याला विचारताना कसा सटकन विचारायची. तिनं गार चहाचाच एक घोट घेतला. "अण्णा, काकांवर राग आहे का अजून?"

"बापूवर? कशाचा?"

"दुसऱ्या पंगतीचा."

अण्णा मनगट चोळत राहिले. "त्याचा व्हय. तो कवाच गेला गं. बापूचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आठवतंय का? मी दवाखान्याच्या दारात जाऊन आलो होतो. आत गेलो न्हाई. त्या दिवशीच गेला."

"मग बोलला का नाही इतकी वर्षं?"

"मी काय बोलणार? राग त्याचा हाय." अण्णांचा आवाज जरा चढला. "दर संकष्टीला विचारतो त्याच्या सांगाव्याला. 'बापू, बोलू का?' तर म्हणतोय, 'राग आहे, विषय काढू नको.' माझा धाकटा भाऊ मला असं म्हणतोय. मी थोरला, तरी मी विचारायचं, आणि तो..." ते थांबले. "मी मनात म्हटलं, जिलबीचं ताट हातात असताना मी भर मांडवातनं उठून गेलो. त्याच्या पोरीच्या लग्नात. धरला राग, तर चुकलं काय त्याचं?"

अश्लेषानं कप खाली ठेवला. बापूकाकांची नोंद. तीही भावाभावांच्या रागाची, तीही बारा वर्षांची. अण्णांचा राग बघून तिनं मुदत ठरवली होती, आणि तिच्या मुदतीमुळे अण्णांचा राग वर्षानुवर्षं तस्साच दिसत राहिला होता. गेलेल्या रागाला ती दर महिन्याला जाऊन भीत होती. तिला रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं, आणि यातलं आधी काय करावं ते तिला सुचेना.

"अण्णा, तो राग काकांचा नाहीये. माझा आहे."

"तुझा? तुला कुणी पंगतीतनं उठवलं?"

तिनं मिसळणाच्या डब्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. अण्णांना गणितातलं कितपत कळलं ते देव जाणे. पण शिळ्या मालाला ताजा म्हणून भाव मिळाल्याची गोष्ट हळदीच्या सौद्यातल्या माणसाला वेगळी समजवावी लागत नाही.

"म्हंजे, एवढे दिवस तू मला जुना माल विकलास," ते म्हणाले.

"हो."

"बापूलाबी?"

"हो, अण्णा."

अण्णा उठले, टोपी घातली. "चल, मिरजेला. आणि चपला नीट बघून घालू दे."

मिरजेत दार काकूनं उघडलं. दोघांना एकत्र बघून तिच्या हातातली तिळाच्या वड्यांची ताटली एकदम तिरकी झाली, दोन वड्या घरंगळल्या. आत बापूकाका टेबलाशी बसले होते. मनगट टेबलावर.

"हलवू नका म्हणालं," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, जणू अण्णा कालच येऊन गेले होते. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण कुणाशी बोलतोय. ते उभे राहिले.

अण्णा उंबऱ्यातच थांबले. सौद्यात हजारो पोती मोठमोठ्यानं विकलेला माणूस, पण टोपी नुसती नीट करत राहिला. शेवटी म्हणाले, "बापू, मशीन बंद हाय म्हणून तोंडानं विचारतो. राग हाय का?"

"मला?" बापूकाका म्हणाले. "अण्णा, मी तर दर चतुर्थीला तुझ्या..." आणि वाक्य तिथंच टाकून ते अण्णांना हाताला धरून आत घेऊन आले.

अश्लेषा भिंतीला टेकून उभी होती. काकूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सवयीनं विस्कटलेली एक बट कानामागे सारली. तेवढ्यानं अश्लेषाचा बांध फुटला. काकू म्हणाली, "पुरे आता. सगळे उपाशी असाल. गुळाच्या पोळ्या तव्यावर आहेत आणि टेबलाला खुर्च्या दोनच. आधी कोण बसतंय?"

"अण्णा, तू बस," बापूकाका घाईनं म्हणाले.

"छे. तू बस, बापू," अण्णा म्हणाले. "मी दुसऱ्या पंगतीला."

पुढे कंपनीत बरंच बदललं. सगळ्या मुदतींना इरफानचा पंगतीचा नियम लागला. कुठल्याही दोन नोंदी एकदम संपत नाहीत, प्रत्येक जरा पुढेमागे. आणि भावाभावांच्या रागाची मुदत अश्लेषानं शून्य केली. शून्य म्हणजे जपून ठेवायचाच नाही, कुणी विचारलं की दर वेळी माणसालाच विचारायचं.

"मशीनला जड जाईल की," मगदूम सर म्हणाले.

"जाऊ दे, सर. ही वस्तू डब्यात ठेवायची नाहीच."

फाल्गुनात अश्लेषाचं लग्न झालं. अक्षता पडताना काकू तिच्या शेजारी होती. जेवणाला पंगत हवी, हा अण्णा आणि बापूकाका दोघांचा हट्ट. पंगत मांडली, पानं वाढली, उदबत्त्या लागल्या, आणि घोटाळा झाला. अण्णा म्हणाले मी दुसऱ्या पंगतीला. बापूकाका म्हणाले थोरला भाऊ उभा असताना मी कसा बसू. ते बघून मुलीकडची झाडून सगळी माणसं उभी राहिली. शंतनूच्या आई-वडिलांच्या कानावर सगळी कथा आली होती, त्यांनीही भल्या मनानं मागे राहायचं ठरवलं, मग त्यांच्याकडचे कसे बसणार. पहिल्या पंगतीला एवढ्या मोठ्या कार्यालयात दोनच माणसं होती, मगदूम सर आणि त्यांच्या शेजारी इरफान. सर आपल्या पानातली जिलबी उचलून इरफानच्या पानात ठेवत होते. बाकी दोनशे माणसं भिंतीला टेकून एकमेकांना "तुम्ही बसा, तुम्ही बसा" म्हणत होती आणि मसालेभात गार होत होता.

शेवटी काकू पदर खोचून कार्यालयाच्या मध्यभागी आली आणि दोघा भावांना सर्वांदेखत असं काही बोलली की दोघंही मुकाट्यानं शेजारीशेजारी जाऊन पाटावर बसले. काकू मात्र चांगलीच रागावली होती. दोघांनाही तिनं स्वतःच्या हातानं वाढलं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

तो राग संध्याकाळपर्यंत टिकला. सासरी निघताना अश्लेषानं विचारून खात्री करून घेतली. काकूलाच.